कुठल्या मिरचीएवढं दुखतंय?

डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा असायचा. स्टेथोस्कोप ते कुठंही विसरायचे, चष्मा विसरायचे, एकदा तर स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला जायचं विसरून पेशंटजवळ बसून राहिले होते. पण चिमटा विसरला असं कधी झालं नाही. वॉर्डात कुणी पेशंटला "थोडं सहन करा हो" असं म्हणालं आणि ते त्यांच्या कानावर पडलं, की तो चिमटा बाहेर निघायचा आणि म्हणणाऱ्याच्या कानाच्या पाळीला लागायचा.

"आता राउंड पुरा करा," ते म्हणायचे. "थोडं सहन करा."

मला तो माझ्या पहिल्याच महिन्यात लागला. पहिली दोन मिनिटं हसू येतं. पाचव्या मिनिटाला राग येतो. दहाव्या मिनिटाला समोरचा पेशंट काय सांगतोय ते कळेनासं होतं, कारण अंगात कान सोडून दुसरं काही उरलेलंच नसतं. मेट्रनबाईंच्या कानाला हात लावायची त्यांची छाती नव्हती. त्यांच्यापुढं ते नुसता चिमटा तळहातावर ठेवून उभे राहायचे. मेट्रनबाई ताडताड निघून जायच्या आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलायच्या नाहीत, आणि याचं डॉक्टरांना काही वाटायचं नाही.

बेळगावच्या ज्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून लागले, तिथं ते भूल द्यायचे. गोष्ट सत्तर-ऐंशीच्या दरम्यानची. भूल देणाऱ्याला तेव्हा लोक पुरता डॉक्टर समजत नसत. नातेवाईक ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या पाया पडायचे आणि यांना विचारायचे, "कंपौंडर, आत किती वेळ लागंल वो?" हेही मान डोलावून सांगायचे, "लागंल दोन तास." घरी ते कानडी बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि पेशंट ज्या भाषेत कण्हेल त्या भाषेत पेशंटशी. बाई विशीतली असो की सत्तरीतली, तिला आक्काच म्हणायचे. माणूस भेटला की अण्णा, फार म्हातारा असला तर आप्पा. नर्सेसना मात्र सिस्टर आणि अहोजाहो, त्यात सवलत नाही.

माणूस तसा गोड नव्हता, हे आधीच सांगते. दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खायचे. नातेवाइकांवर खेकसायचे. कुणी ताज्या ऑपरेशनच्या पेशंटच्या खाटेला धक्का लावला तर त्याच्या सात पिढ्या काढायचे. आणि रिकामी खाट दिसली की तीवर जाऊन उताणे पडायचे, बुटांसकट. "पेशंटला हितनं काय दिसतंय ते बघतोय," म्हणायचे. चादर मात्र आम्ही बदलायची.

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, की पुढचे चार दिवस कसे जायचे हे आताच्या लोकांना सांगून पटणार नाही. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारायचं नाही, गाठ म्हणायचं. ती गाठ काढायला बरगडीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडलेलं. दुखणं थांबवायची चांगली इंजेक्शनं मोजकी, कुलपात ठेवलेली. ती दिवसाला एक-दोन मिळायची. बाकी वेळ पेशंटनं दात आवळून पडायचं. आणि पडून राहिलं की झालं. दुखतं म्हणून माणूस श्वास वरच्यावर घेतो, खोकत नाही, छातीत कफ साठतो, ताप चढतो. गाठ व्यवस्थित निघालेली असायची, टाके कोरडे असायचे, आणि माणूस सहाव्या दिवशी छातीनं जायचा. असे मी पुष्कळ पाहिले.

यावर डॉक्टरांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. दात काढताना हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन, भुलीचंच औषध, ते अगदी थोडं मोजून सलाइनच्या बाटलीत घालायचं आणि थेंबाथेंबानं शिरेतून सोडायचं. दिवसातून दोनदा, तीन-तीन तास. तेवढ्या वेळात पेशंटला बसवायचं, खोकायला लावायचं, पाय हलवायला लावायचे. कुणाकुणाला त्यात केटामाइन नावाच्या तेव्हा नव्या आलेल्या भुलीच्या औषधाची जराशी जोड असायची. शहापूरच्या एका विणकर अण्णांना त्या औषधात वॉर्डाच्या छतावर साडीचा काठ दिसायला लागला. तीन तास ते दोरे मोजत होते, आणि शेवटी म्हणाले, "नक्षी चुकलीया. पर दुखत न्हाय."

मोठ्या डॉक्टरांना हे पसंत नव्हतं. "पोट मी कापलंय, ते दुखणारच," ते म्हणायचे. "शिरेतनं ते औषध जास्त गेलं तर झटके येतील, काळीज थांबेल. जबाबदारी कुणाची?"

"माझी," डॉक्टर म्हणायचे, आणि स्टूल ओढून पेशंटजवळ बसायचे.

एकदा बसले की ते गप्पा मारायचे. उचगावच्या शेतकऱ्याला रताळ्याची लागण विचारायचे, वडगावच्या बाईला चौघी जावांत कुणाचं कुणाशी पटत नाही ते विचारायचे. गप्पा कसल्या, उलटतपासणी. पेशंट गप्प झाला की पुन्हा टोचायचे, "मग? धाकटी काय म्हणाली?" मेट्रनबाई म्हणायच्या, सर्जिकल वॉर्डाचा बाजारकट्टा केलाय. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा त्यांनी मला त्या स्टुलावर बसवलं आणि कारण सांगितलं. औषध जास्त व्हायला लागलं की आधी ओठांना मुंग्या येतात, कानात शिट्टी वाजते, जीभ जड होते. झटके त्याच्या नंतर. बोलत्या माणसाची जीभ जड झाली की लगेच कळतं, थेंब तिथंच बंद करता येतात. गप्प पडलेल्याचं काही कळत नाही.

"एकदा मी चहाला उठलोतो," ते म्हणाले. "दहा मिनिटं. अण्णा वाचले, पर त्यांच्या नशिबानं वाचले, माझ्या हुशारीनं न्हवे. तवापासनं उठत न्हाय." एवढं बोलून ते माझ्या डब्यातली चटणी खायला लागले.

किती दुखतंय हे विचारायची त्यांची रीत तर सगळ्या बेळगावात चेष्टेचा विषय होती. आमच्या भागात माणसाला "दुखतंय का?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "न्हाय. बरं हाय." म्हणून ते विचारायचे, "कुठल्या मिरचीएवढं दुखतंय? ढबू, ब्याडगी, संकेश्वरी, का लवंगी?" ढबू म्हणजे तिखटच नाही. ब्याडगी नुसती रंगाला. संकेश्वरी झणझणीत. लवंगी म्हणजे डोळ्यांतून पाणी. दुखणं कबूल करायला लाजणारा माणूस मिरचीवर मात्र मोकळेपणानं बोलतो. "संकेश्वरी व्हती सकाळी, आता ब्याडगीवर आलीया," असं लोक सांगायचे आणि त्याप्रमाणे आम्ही थेंब वाढवायचो किंवा कमी करायचो. गावात त्यांना मिरचीवाले डॉक्टर म्हणत. त्यांनाही ते माहीत होतं.

त्या मिरचीनंच मला एकदा धडा शिकवला. संकेश्वरकडची एक बाई होती, कांडपाच्या गिरणीत मिरची कुटायला जाणारी. तिची गाठ काढलेली. मी विचारलं, तिनं सांगितलं, "ब्याडगी हाय बाई." मी थेंब कमी केले. दुपारी विचारलं, ब्याडगी. दुसऱ्या दिवशी ब्याडगी. बाई शहाण्यासारखी निपचित पडून होती, मी खूश होते. संध्याकाळी तिला ताप भरला आणि छाती खरखरायला लागली.

डॉक्टर तिच्या उशाशी बसले. "आक्का, भाकरीबरोबर काय खाता?"

"लवंगीचा खर्डा."

"आन् संकेश्वरी?"

"ती तर नुस्ती चावून खातो की. दिसभर तिखटाच्या धुरळ्यात असतोय आम्ही. डोळं बी मिचकत न्हाईत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझा कान आपोआप पुढं झाला, पण चिमटा निघाला नाही. "सिस्टर, तुमची ब्याडगी आणि हिची ब्याडगी एक न्हवे," एवढंच म्हणाले. ती बाई दहा दिवस तापात होती. शेवटी उठली, चालत घरी गेली.

तेव्हापासून केसपेपरवर आम्ही एक नवीन ओळ घालू लागलो: रोजचं तिखट. मोठ्या डॉक्टरांनी एकदा राउंडला तो कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "रोजचं तिखट, लवंगी, कच्ची. हे काय आहे?" डॉक्टरांनी तो कागद त्यांच्या हातून घेऊन परत खाटेला अडकवला. आणि मी एक वही सुरू केली. पेशंट, मिरची, थेंब, वेळ, खोकला सुटला की नाही, सगळं लिहायचं. वही बघून डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. साऱ्या नोकरीत त्यांनी पाठ थोपटल्याचं मला एवढं एकच आठवतं.

ऐंशीच्या आसपास माझ्या आईला गाठ निघाली.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती. चाळीस वर्षं तंबाखू चाळली, पोती उचलली. आम्ही बौद्ध. आमच्या गल्लीतून शिकून नर्स झालेली मी पहिली, आणि ते माझ्या नाही, तिच्या जिवावर. तिचं पोट महिन्यापासून दुखत असणार. मला कळलं ते शेजारणीनं चिठ्ठी पाठवल्यावर. मोठ्या आतड्याची गाठ होती. मोठ्या डॉक्टरांनी ती सफाईनं काढली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटाची काळजी नाही. छातीची आहे. चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ आहे आत. खोकली नाही, तर काही खरं नाही."

मी रजा घेतली आणि आईजवळ बसले. वही घेऊन. वॉर्डातल्या कुठल्याही पेशंटची घेतली नसेल एवढी काळजी घ्यायचं ठरवलं होतं. दर तासाला विचारायची, "आई, किती दुखतंय? कुठल्या मिरचीएवढं?"

"काय न्हाय. बरं हाय."

"ढबू का ब्याडगी?"

"मिरचीच न्हाय. तू आपली कामाला जा. रजा कशाला काढलीस?"

पहिला दिवस तसा. दुसरा तसा. तिचं रोजचं तिखट मला ठाऊक होतं, तिच्याच हातचं खाऊन वाढले होते, पण जी बाई मिरचीच न्हाय म्हणते तिचा हिशेब कसा लावायचा? खोक म्हटलं की ती घसा खाकरल्यासारखं करायची आणि थांबायची. श्वास गळ्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग कोमट लागलं. पाठीला कान लावला तर आत खालच्या बाजूला हवा जातच नव्हती. मी वॉर्डाबाहेर जाऊन नळ सोडून रडले आणि तोंड धुऊन परत आले.

डॉक्टर आले, स्टूल ओढलं, थेंब सुरू केले. अगदी सावकाश, कारण किती लागतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. मग नेहमीसारख्या गप्पा. वखार कुठं, बाया किती, जेवायची सुट्टी किती. आई बोलायला नको म्हणणारी नव्हे. तुटक श्वासात का होईना, सांगत होती.

"आन् कुणाचं दुखलं-खुपलं तर?"

"सांगायचं न्हाय," आई म्हणाली. "एकदा आमच्यातली एक बोलली, कंबर दुखतीया म्हणून. मुकादमानं वहीत लिवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नावावर काट. जा म्हणाला घरला, निज. त्याच्या हातात वही असली की आमी समद्या ठणठणीत."

डॉक्टरांनी बाटलीचे थेंब मोजले. मग मान न वळवता म्हणाले, "सिस्टर, ती वही तेवढी बाहेर ठेवून या."

माझ्या हातात वही होती. तीन दिवस तिच्या उशाशी मी वही आणि पेन घेऊन बसले होते आणि दर तासाला विचारत होते. मी वही मेट्रनबाईंच्या टेबलावर टाकली आणि परत आले तेव्हा मला आईकडं बघवेना.

डॉक्टरांनी पलीकडच्या खाटेकडं बोट केलं. तिथं वडगावच्या एका विणकराची बायको होती. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले, उद्या घरी जाणार, आणि त्या वेळी ती मजेत इडली खात होती.

"आक्का, मला एक सांगा. त्या बाईला किती दुखत असंल?"

आईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "तिला व्हय? लई दुखतंय तिला. बोलत न्हाय ती."

"कुठं?"

"हितं बरगडीखाली. श्वास घेतला की विळी फिरल्यागत हुतंय. खोकला आला की टाकं उसवत्यात असं वाटतंय तिला, म्हणून ती गिळती खोकला."

"कुठल्या मिरचीएवढं?"

"लवंगी," आई म्हणाली. "वाटून डोळ्यांत घातल्यागत."

"बरं," डॉक्टर म्हणाले, आणि आईच्या बाटलीचे थेंब वाढवले. अर्ध्या तासानं विचारलं, "आता ती बाई कशी हाय?" आई म्हणाली, "जरा निवली." आणखी थोड्या वेळानं, "आता तिला खोकायला जमंल का?" आई म्हणाली, "जमंल, पर पोटावर उशी धरली पायजे कुणीतरी." मी उशी धरली. आई खोकली. काळपट कफ पडला, तंबाखूच्या रंगाचा. वडगावची बाई इडली हातात धरून आमच्याकडं बघत राहिली. आपण कुणाच्या उपयोगी पडतोय याचा तिला पत्ता नव्हता.

दोन दिवस हे असंच चाललं. बाई घरी गेली, तिची खाट रिकामी झाली, तरी डॉक्टर त्या खाटेकडं बोट करून विचारायचे आणि आई उत्तर द्यायची. ताप उतरला.

त्यानंतर आई तीन वर्षं होती. शेवटी गाठीनंच गेली, पण ती तीन वर्षं तिची होती, वखार सोडून माझ्या घरी काढलेली. डॉक्टरांचीही पुढं बदली झाली, धारवाडच्या बाजूला कुठंतरी. आता दुखणं मोजायला आकड्यांची पट्टी असते, थेंब सोडायला यंत्र असतं, आणि असलं औषध शिरेतून देतात म्हणून कुणाला नवल वाटत नाही. मीही निवृत्त झाले. नव्या पोरींना मी या माणसाबद्दल सांगते तेव्हा त्या चिमट्यापाशी हसतात. मला मात्र ते आठवतात ते पाचव्या दिवसाच्या सकाळचे, थेंब बंद करायला आले तेव्हाचे.

त्या सकाळी थिएटरात मोठं ऑपरेशन लागलं होतं. बाटली काढून झाली. ते उठतील असं मला वाटलं, पण ते स्टुलावर बसूनच राहिले. या खेपेला त्यांनी पलीकडच्या खाटेकडं बोट केलं नाही.

"आक्का, तुम्हाला दुखतंय का?"

आईनं माझ्या हातांकडं पाहिलं. रिकामे होते. दाराकडं पाहिलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

जन्मात मी तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"कुठं?"

तिनं पोटापासून सुरुवात केली. मग म्हणाली, कंबर, तंबाखूच्या चाळणीपाशी बसून बसून. मग उजवा खांदा, पोतं सरकून पडलं होतं तेव्हापासून, वर हात जात नाही. मग गुडघे. मग दाढ. थिएटरातून सिस्टर बोलवायला आली, डॉक्टरांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. आई सांगत होती. एक मूल पोटातच गेलं होतं, चौथ्या दिवशी वखारीत उभी राहिली, तेव्हापासून ओटीपोटात कळ येते पावसाळ्यात. ते मूल माझ्या आधीचं. मला ठाऊकच नव्हतं. माझ्या वेळी नऊ महिने भरेपर्यंत पोती उचलली, त्यानं पाठीत एक जागा कायमची धरली आहे, तीही तिनं हात मागं नेऊन दाखवली, मला नाही, त्यांना. थिएटरची सिस्टर दुसऱ्यांदा आली. डॉक्टर हलले नाहीत. चाळीस वर्षांचं एकेक दुखणं ती सावकाश, क्रमानं, जागा दाखवून सांगत होती, आणि त्या सगळ्या जागा मी लहानपणापासून बघत आले होते, त्या पाठीवर बसले होते, त्या खांद्यावर झोपले होते.

माझं रडं आवरेना. आई मध्येच थांबली आणि माझ्यावर वैतागली.

"तू कशाला रडतीस गं?" ती म्हणाली. "दुखतंय मला."